डेलहायला दिल्ली म्हणू नये

मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या रांगेत उभी असले की दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "काकू, तुम्ही टीव्हीवर असता म्हणे? आम्ही कधी नोटिसच केलं नाही." विचारणारा बहुधा पुण्याहून किंवा नागपूरहून नुकताच आलेला असतो, नेपरव्हिलमध्ये भाड्याने राहून रोज शिकागोची ट्रेन पकडणारा. त्याने मला बघितलेलं नसणार हे मी धरूनच चालते. मी म्हणते, "बाळा, मी चार मिनिटांची बाई आहे. टोस्टला लोणी लावेपर्यंत येऊन जाते." तो हसतो आणि चकली उचलतो. यंदा संपादकांनी पानं देऊ केली आहेत, तेव्हा चकलीच्या रांगेत सांगता येत नाही ते इथे सांगते.

अमेरिकेत सकाळचा मोठा टीव्ही कार्यक्रम न्यूयॉर्कहून येतो. मोठी माणसं, मोठा सोफा, मधूनमधून गाणं आणि पॅनकेक. दर अर्ध्या तासाने तिथला अँकर म्हणतो, "आता बघूया तुमच्या भागात काय चाललंय." त्या वाक्यानंतर एक खिडकी उघडते. देशभरातली लहानमोठी स्टेशनं त्या खिडकीतून डोकं बाहेर काढतात, आपापल्या भागातली बातमी, हवामान, कुठला रस्ता बंद, कुठली शाळा उशिरा, एवढं सांगतात आणि खिडकी मिटायच्या आत डोकं आत घेतात. या तुकड्याला आमच्यात कट-इन म्हणतात. इलिनॉयमधल्या मक्याच्या शेतांच्या कडेला असलेल्या एका लहान स्टेशनवर ती खिडकी बरीच वर्षं माझ्याकडे होती. मी तिथे कशी पोचले ही मोठी रामकहाणी आहे, आणि तेवढी पानं संपादकांनी दिलेली नाहीत.

न्यूयॉर्क कोणासाठी थांबत नाही. वाक्य अर्ध्यावर असलं तर अर्ध्यावरच कापलं जातं. एकदा मी "शेरीफच्या म्हणण्यानुसार पळालेल्या चोराच्या अंगावर फक्त" इथपर्यंत आले आणि लोकांच्या पडद्यावर एकदम न्यूयॉर्कचे पॅनकेक आले. चोराच्या अंगावर फक्त काय होतं हे विचारायला दुपारपर्यंत फोन येत होते. पिवळा रेनकोट होता, हे मी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं आणि प्रत्येकजण थोडा निराश झाला. तेव्हापासून शेवटची बातमी मी रबराची ठेवायला लागले. वेळ उरला तर ती ओढायची, कमी पडला तर आक्रसून घ्यायची. हवामानासारखं रबर जगात दुसरं नाही. "आज थंडी आहे" हे दोन सेकंदांतही सांगता येतं आणि चाळीस सेकंदांतही.

पण धंद्याचं खरं मर्म वेगळंच आहे. सकाळचा टीव्ही लोक पाठीने बघतात. रात्री माणूस सोफ्यावर बसून टीव्हीकडे तोंड करतो. सकाळी त्याचं तोंड गॅसकडे, सिंककडे, मुलांच्या डब्याकडे असतं आणि टीव्ही मागे कुठेतरी चालू असतो. पडद्यावर तुम्ही कितीही सुंदर नकाशे आणि लाल पट्ट्या टाका, त्या पाठीला दिसत नाहीत. पाठीला फक्त ऐकू येतं, आणि तेही सगळं नाही. तिला एकच गोष्ट नक्की ऐकू येते, ती म्हणजे आपल्या गावाचं नाव.

हे मला कुठल्याही अमेरिकन कॉलेजात शिकवलं नाही. आमच्या खामगावच्या घरी सकाळी रेडिओवर प्रादेशिक बातम्या लागायच्या तेव्हा आई पोळ्या लाटत असायची. मंत्री आले, मंत्री गेले, धरण भरलं, लाटणं आपलं चालूच. पण "खामगाव" असा शब्द आला की लाटणं जागच्या जागी थांबायचं. तव्यावरची पोळी करपली तरी चालेल, पण तेवढं एक वाक्य ती पूर्ण ऐकायची. माझं सगळं काम एवढंच होतं, लोकांचं लाटणं थांबवायचं.

आता डेलहायचं सांगते.

आमच्या भागात नदीकाठी एक गाव आहे. शंभरेक घरं, एक चर्च, धान्याचं एक मोठं उंच कोठार आणि एक पूल. गावाच्या नावाचं स्पेलिंग आपल्या राजधानीचंच, एका अक्षराचा फरक नाही. मी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसले त्या सकाळी नेमकी त्या गावच्या चर्चच्या पॅनकेक ब्रेकफास्टची बातमी होती. बाकीच्या गावांची नावं मी पुन्हा पुन्हा विचारून घेतली होती. इलिनॉयात नावांचा भरवसा नसतो. इथल्या कैरोला केरो म्हणतात आणि व्हिएन्नाला व्हायेना. मी सगळी नावं देवनागरीत लिहून पाठ केली होती, कारण देवनागरीत लिहिलं की शंकेला जागा राहत नाही. एकच नाव मी विचारलं नाही. ते कशाला विचारायचं? नागपूर बोर्डात शिकलेल्या मुलीने दिल्लीचा उच्चार कोणाला विचारायचा? मी छान जीभ दातांना लावून, ल वर जोर देऊन म्हटलं, "दिल्ली."

कट-इन संपायच्या आत फोन वाजला. पलीकडे एक म्हातारी बाई होती.

"हनी, तू नवीन आहेस का?"

मी म्हटलं, हो.

"आम्ही डेलहाय आहोत. डेल आणि हाय. तू जे काही म्हणालीस ते कुठे आहे मला ठाऊक नाही, पण त्यांच्याकडेही पॅनकेक असतील तर उत्तमच."

ही नॉर्मा. पुढची सगळी वर्षं ती माझी सर्वांत चिवट प्रेक्षक होती, आणि प्रेक्षक हा शब्दच चुकीचा, कारण तिला दिसत नव्हतं. नजरेचा मधला भाग गेलेला, कडेकडेचं धूसर काहीतरी उरलेलं. गावातल्या शाळेच्या बस कुठे कशा जायच्या हे ती पूर्वी ठरवायची, म्हणून प्रत्येक रस्ता आणि वळण तिला पाठ. नदीच्या रस्त्यावर एकटी राहायची आणि टीव्ही रेडिओसारखा ऐकायची. कुठलं नाव चुकलं की फोन. बरोबर आलं तरी कधी कधी फोन, "आज छान म्हणालीस" एवढंच सांगायला. माझं नाव वृंदा आहे हे मी तिला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. ती मला शेवटपर्यंत ब्रेंडाच म्हणत आली. मी तिच्या गावाचं नाव सुधारलं, तिने माझं सुधारलं नाही. मी खामगावची, दिल्ली मी एकदाच आग्र्याला जाताना रेल्वेतून पाहिलेली, हेही तिला कधी पटलं नाही. तिच्या हिशेबी मी दिल्लीची, ती डेलहायची, म्हणजे आम्ही जवळजवळ गाववाल्याच.

एकदा दिवाळीला डग, म्हणजे आमचा स्टेशन मॅनेजर, म्हणाला की तुमच्या सणाचा ड्रेस घालून हवामान सांग. मी हौसेने पैठणी नेसले, हिरवे काठ, हातभर हिरव्या बांगड्या. हवामान सांगताना आमच्या मागे नकाशा वगैरे काही नसतो, नुसती हिरवी भिंत असते. जे जे हिरवं ते कॉम्प्युटर पुसतो आणि तिथे नकाशा चिकटवतो. हे मला माहीत होतं, रोजचंच काम होतं, तरी सणाच्या भरात डोक्यातून पार गेलं. माझ्या पदरावरून ढग सरकायला लागले, निऱ्यांतून मिशिगन लेक वाहायला लागला आणि दोन्ही मनगटं तुटून पंजे हवेत तरंगत इंडियानाकडे बोट दाखवत राहिले. कंट्रोल रूममध्ये ग्लेन हसून हसून खुर्चीवरून घसरला. ग्लेन म्हणजे सगळी बटणं ज्याच्या हातात असतात तो, बोलायला काटकसरी, मनाने सोनं. त्या दिवशीही नॉर्माचा फोन आला. "सगळे हसतायत म्हणे. मला तर तू नेहमीसारखीच ऐकू आलीस."

या नोकरीने एक गोष्ट मात्र घेतली. घरातलं जग उठायच्या आधी मी निघायचे. मुलीला, सईला, सकाळी उठवणं, वेणी घालणं, डबा, हे सगळं माझ्या नवऱ्याने, मकरंदने केलं. सगळ्या भागाला मी गुड मॉर्निंग म्हणायचे, आणि पोटच्या पोरीला नाही. त्यावर मी एक उपाय काढला होता. थंडी असली की कट-इनच्या शेवटी म्हणायचे, "आणि हो, जॅकेट घ्या, झिप लावा." सगळ्यांना वाटायचं, किती मायाळू बाई. ते एकट्या सईसाठी असायचं. ती दुधातलं सीरियल खात पाठमोरी बसलेली असायची. एकदा वैतागून म्हणाली, "आई, यू टोल्ड द होल काउंटी टू झिप माय जॅकेट." मी विचारलं, "मग लावलीस का?" म्हणाली, "आय हॅड टू. एव्हरीबडी डिड." हसले तेव्हा, पण ती वर्षं परत मिळणार नाहीत, आणि हे मला अजून लागतं.

आता हबचं. सगळ्याच धंद्यांत झालं ते आमच्यातही आलं. आमच्या मालक कंपनीने दुसऱ्या राज्यात एक मोठा स्टुडिओ बांधला, त्यालाच हब म्हणायचे. तिथे एका माणसाने बसायचं आणि वेगवेगळ्या भागांचे कट-इन वाचायचे. आधी याच्या गावचा, मग त्याच्या गावचा. मागचं चित्र तेवढं बदलायचं. डगने मला बोलावून सांगितलं, "एक आठवडा ट्रायल आहे. तू ये, बसून राहा, पण कट-इन हब करेल. नीट चाललं तर तुझी खिडकी बंद."

मी म्हटलं, "गावांची नावं?"

"सॉफ्टवेअरला येतात म्हणे. आणि वाचणारा मुलगा हुशार आहे. तुमच्याकडचाच आहे."

खरंच आमच्याकडचा होता. नील, क्युपर्टिनोत वाढलेला, आई पुण्याची. पहिल्याच दिवशी त्याने फोन करून आपली ओळख करून दिली. मोडक्या मराठीत म्हणाला, "मावशी, आय फील टेरिबल. तुमचं काम मी घेतोय." मी म्हटलं, "तू कुठे घेतोस रे, तुला देतायत." पोरगं गोड होतं, आवाजही छान, राग धरावा तर कुठे धरावा हा प्रश्न. मी त्याला सांगितलं, अडलं तर विचार. त्याने विचारलंही. कैरो विचारलं, व्हायेना विचारलं. एक नाव विचारलं नाही. माहीत नसतं तर विचारलं असतं. माहीत होतं, तिथेच फसला.

त्याच आठवड्यात बर्फ वितळायला लागलं. थंडीच्या शेवटी आमच्या नदीत हे कधी कधी होतं. वरचं बर्फ फुटतं, त्याच्या लाद्या वाहत येऊन पुलापाशी अडकतात आणि मागचं पाणी बघता बघता गावात शिरतं. त्या पहाटे डेलहायच्या पुलाशी नेमकं हेच झालं. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, पूल बंद केला आणि नदीच्या रस्त्यावरच्या लोकांनी ताबडतोब निघावं असं कळवलं. फोनवर अलर्टही गेले, पण त्या आठवड्यात बर्फाचे आणि वाऱ्याचे इतके अलर्ट आले होते की लोकांनी फोन गप्प करून ठेवले होते. नॉर्माकडे तर मोबाईल नव्हताच. बातमी आमच्या न्यूजरूममधून, मला न कळताच, परस्पर हबला गेली, पहिल्या नंबरवर लागली आणि नीलने ती गंभीर, सुरेख आवाजात वाचली. मी माझ्या रिकाम्या टेबलाशी कॉफीचा मग धरून बसले होते. मागे टीव्ही चालू होता आणि माझीही पाठ त्याच्याकडे होती.

"दिल्लीमध्ये आज पहाटे पाणी शिरलं असून," तो म्हणाला, "नदीकाठच्या रहिवाशांना उंचावर जायला सांगण्यात आलं आहे."

काय उच्चार होता. जीभ दातांना, ल वर जोर. त्याच्या आईने मेहनत घेतलेली दिसत होती. आणि माझ्या पाठीला काय ऐकू आलं? भारतातली बातमी. यमुनेला पूर आला वाटतं, असं मनात येऊन गेलं. बर्फाच्या दिवसांत यमुनेला कसला पूर, एवढाही विचार केला नाही. कॉफीचा घोट घेतला.

मग फोन वाजला.

"ब्रेंडा," नॉर्मा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "हनी, मी आत्ताच ऐकलं. तुझ्या घरचे सुखरूप आहेत ना?"

"कोण घरचे?"

"तुझ्या गावचे. तो नवा मुलगा सांगत होता, पाणी शिरलंय, लोकांना हलवतायत. मला फार वाईट वाटलं. म्हटलं आधी तुला फोन करावा."

कॉफीचा मग हातातून कधी सुटला ते कळलं नाही. त्या बाईच्या अंगणाला नदी लागली होती आणि ती माझं सांत्वन करत होती.

"नॉर्मा, ऐक. ती माझी दिल्ली नाही. तुझी आहे. डेलहाय. पाणी डेलहायमध्ये आलंय. दार उघड आणि पायरीवर पाय ठेवून बघ."

तिने रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, मग दार. ती परत आली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पायरी नाहीये, ब्रेंडा. पाणी आहे."

"शेजारी?"

"त्यांच्याकडे दिवे आहेत. टीव्ही चालू आहे, ऐकू येतोय."

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. अख्ख्या गावाने ऐकलं होतं. अंडी फेटताना, दात घासताना, मुलांचे मोजे शोधताना सगळ्यांनी दिल्ली ऐकलं होतं, बिचारे भारतातले लोक असं म्हटलं होतं आणि कोणाचंही लाटणं थांबलं नव्हतं.

नॉर्माला दुसऱ्या मजल्यावर जायला सांगून मी ९११ लावला. ते म्हणाले गाडी निघते, पण पूल बंद, वळसा घालून यावं लागेल. मी कंट्रोल रूमकडे धावले. पुढच्या कट-इनला अजून वेळ होता आणि तोही माझा नव्हता, हबचा होता. न्यूयॉर्कचा कार्यक्रम मध्येच तोडून आपलं चित्र लावता येतं, आमच्यात ब्रेक-इन म्हणतात ते, पण त्याला मॅनेजरची परवानगी लागते. डग गाडीत होता, फोन लागत नव्हता. मी ग्लेनला सगळं एका दमात सांगितलं.

ग्लेनने माझ्याकडे बघितलं, बटणांकडे बघितलं. "तू खुर्चीत जाऊन बस," तो म्हणाला. "माझं कोपर जरा घसरणार आहे."

मी बसले. मेकअप नाही, केस विस्कटलेले, स्वेटरवर कॉफी. लाल दिवा लागला. पडद्यावर न्यूयॉर्कमध्ये कोणीतरी मफिन सजवत होतं, ते गेलं आणि मी आले. लिहिलेलं काही नव्हतं. मी फक्त पाठींशी बोलले.

"डेलहाय," मी म्हटलं. मग थांबले. लाटणं थांबायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबले आणि पुन्हा म्हटलं. "डेलहाय. भारतातली नाही. आपली डेलहाय, पुलाची, कोठाराची, पॅनकेकची. बर्फ पुलाला अडकलंय. नदीचा रस्ता पाण्यात जातोय. आत्ता निघा. सामान घेऊ नका. चर्चच्या टेकडीवर जा. आणि नॉर्माच्या शेजाऱ्यांनो, तुमच्याकडे दिवे आहेत हे मला माहीत आहे. ती वरच्या मजल्यावर आहे, तिला दिसत नाही. तिला घेऊन निघा."

हेच मी परत सांगितलं, परत सांगितलं. डेलहाय, डेलहाय. डेल वर जोर, हाय लांबवून, तिने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसंच. शेवटी जुन्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "जॅकेट घ्या, झिप लावा." मग ग्लेनने न्यूयॉर्क परत सोडलं. मफिन तयार झालेलं होतं.

त्यानंतर नुसती वाट बघणं. ग्लेन, मी आणि फोन. मग फोन वाजला आणि एक माणूस धापा टाकत म्हणाला, "तुमची नॉर्मा आमच्या ट्रकमध्ये आहे. मी चुकीच्या रस्त्याने जातोय असं म्हणतेय."

मागून नॉर्माचा आवाज आला, "जातोयसच."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सांगायला लाज नाही. ग्लेनने टिश्यूचा डबा पुढे केला आणि मग त्यातला एक स्वतःही घेतला. पुढे फोन थांबेनात. चर्चच्या टेकडीवर गाड्यांची रांग लागली होती. कोणी पायजम्यात, कोणी डोक्याला शॅम्पू लावलेलं, एक बाई हातात तवा घेऊनच आली होती. नदीच्या रस्त्यावरची घरं कमरेपर्यंत पाण्यात गेली. माणूस एकही गेला नाही. टेकडीवरच्या चर्चमध्ये त्या दिवशी पुन्हा पॅनकेक झाले, आणि त्या बाईच्या तव्यावर झाले म्हणतात.

डग आला तो लालबुंद होऊन. "ब्रेक-इनला परवानगी कोणी दिली?" ग्लेनने कोपर वर करून दाखवलं. डग काही बोलणार तेवढ्यात त्याच्या मेजावरचा फोन वाजला. काउंटीचा होता, आभाराचा. मग डेलहायच्या फायर चीफचा, मग चर्चचा, मग कंपनीचा. कंपनीशी बोलताना तो बराच वेळ नुसता "येस, येस" म्हणत होता. फोन ठेवून त्याने मला सांगितलं, "तुझी खिडकी तुझ्याकडे राहील. आणि हबमधल्या मुलांना शिकवायला तू जाशील का, असं विचारतायत." हातच्या काकणाला आरसा कशाला? मी म्हटलं, "जाईन. पण कट-इन संपवून." त्या वाक्याइतकं चवदार वाक्य मी उभ्या आयुष्यात बोलले नाही.

दुपारी नीलचा फोन आला. बिचाऱ्याचा आवाज बसला होता.

"मावशी, आय सेड इट राइट."

"राइटच म्हणालास रे राजा. म्हणून तर घोटाळा झाला."

"आईने लहानपणी ड्रिल करून घेतलं होतं. डेली नाही, दिल्ली. शी वॉज सो प्राउड."

"तिला माझा नमस्कार सांग. तिने बरोबरच शिकवलं. आता मी सांगते ते ऐक. गावाचं नाव गावाचं असतं. ते तिथले लोक म्हणतात तसंच म्हणायचं, मग तुझ्या आईला काहीही वाटो." मग मी त्याला माझ्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली, पॅनकेकसकट. तो इतका हसला की मलाही हसू आवरेना. दोन मराठी माणसं, एकाच खड्ड्यात, मध्ये इतकी वर्षं. आता तो त्याच हबमध्ये मोठा साहेब झालाय, आणि नव्या मुलांना पहिला नियम हाच शिकवतो की ज्या नावाची खात्री आहे ते आधी विचारा.

त्या उन्हाळ्यात डेलहायने त्यांच्या परेडमध्ये मला फायर ट्रकवर बसवलं. ग्लेनला माझ्या शेजारी बसवलं, कोपराला रिबन बांधून. नॉर्मा पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला वळणं सांगत. मी यावेळी हिरवी पैठणी मुद्दाम नेसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, "से इट, से इट," आणि मी माइकवर म्हणायचे, "डेलहाय," की सगळं गाव टाळ्या वाजवायचं. सई कॉलेजातून आली होती. गर्दीतून तिने मला हात केला आणि स्वतःच्या जॅकेटची झिप वरपर्यंत ओढून दाखवली, भर जुलैत.

या वर्षी मी खिडकी सोडली. शेवटच्या सकाळी केक, फुलं, न्यूयॉर्कवाल्यांनीही दोन शब्द म्हटले, पण मधेच त्यांची जाहिरात लागली, ते बरंच झालं. मी सामान आवरत होते तेव्हा फोन वाजला.

"ब्रेंडा," नॉर्मा म्हणाली. "मघाशी सांगत होते, दिल्लीत फार पाऊस झालाय. पाणी भरलंय."

तिने दिल्ली म्हटलं होतं. जीभ दातांना, ल वर जोर. नीलच्या आईने ऐकलं असतं तर पेढे वाटले असते. कुठून शिकली, किती दिवस घोकत होती, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या वेळी दिल्ली म्हणजे खरोखरच दिल्ली होती.

"ही तुझी ना?" तिने विचारलं.

मी खामगावची आहे हे एकावन्नाव्यांदा सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "हो नॉर्मा," म्हटलं. "ही माझी."

"तिथे कोणी आहे ना सांगायला? नाव नीट घेणारं?"

"आहे, नॉर्मा."

"मग बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.